घरचं मडकं, दुकानाचा कॅन

लाहूच्या छातीवर दोन काळे घट्टे आहेत. ताडाच्या खोडाला छाती घासून पडलेले. नवीन माणसाला वाटतं, लहानपणी भाजलं असेल. कासा गावच्या बाजारात लाहू सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी टाकून फिरतो ते उकडतं म्हणून नाही. हा माणूस झाडावर चढणारा आहे, हे लोकांना दुरून दिसलं पाहिजे, म्हणून.

त्याचा पाडा कासापासून जीपने पाऊण तास, डोंगराच्या अंगाला. पाड्याचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच आहे.

अकरा ताड त्याच्या प्लॉटवर. सकाळी अकरा चढायचे, संध्याकाळी परत अकरा. खोडाला बांबू बांधलेला, बांबूच्या फांद्यांचे बुडखे पायरीसारखे ठेवलेले, पायात दोरीचा फास, कमरेला धार लावलेला कोयता. वर गेलं की तुऱ्याला, म्हणजे ताडाच्या फुलोऱ्याला, बांधलेलं मडकं उतरवायचं, तुऱ्याचं टोक कागदाएवढं पातळ छिलायचं आणि रिकामं मडकं बांधून खाली यायचं. जास्त छिललं तर तुरा मरतो, कमी छिललं तर रस गळत नाही. हे माप त्याला बापाने फटके देऊन शिकवलं. शाळेत लाहू दुसरीपर्यंत गेला. "मास्तरचा मार आणि बापाचा मार, दोन्ही एका अंगाला जड व्हायचे," तो सांगतो. "मंग जिथं ताडी भेटायची तिथला मार ठेवला."

माझी त्याची ओळख वनहक्काच्या दाव्यांच्या वेळी झाली. मी सातवी नापास, पण अर्ज लिहायला कोणाच्या बापाला घाबरत नाही, म्हणून आमच्या आदिवासी संघटनेने दाव्यांचा ढीग माझ्याकडे दिला होता. कचेरीत साहेबाने लाहूला विचारलं, "ही झाडं तू लावली का रे?"

लाहू म्हणाला, "नाय साहेब. झाडंच मना लावतात. रोज सकाळी, कामाला."

साहेब हसला आणि सही झाली. मी तीन महिने भांडून जे होत नव्हतं ते त्याने एका वाक्यात केलं. रागही आला आणि माणूस आवडलाही.

त्याची बायको भिकी. बुटकी, काटक, तोंडाने माझ्याहून तिखट, आणि माझ्याहून तिखट बाई मला तालुक्यात दुसरी भेटलेली नाही. दोन मुली लग्न होऊन गेल्या. मागे राहिला उमेश.

आता एक गोष्ट सांगते ती नीट ऐका, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. आमच्याकडे ताडी म्हणजे दारू नाही. शहरातल्या व्यसनमुक्तीवाल्यांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. होऊ देत. पाहुणा आला की पाण्याच्या आधी ताडी. लग्नाची बोलणी ताडीवर. देवाला ताडी, गेलेल्या माणसाच्या नावाने ताडी. सकाळी उतरवलेली गोड ताडी आजीही पिते आणि नातवालाही दोन घोट मिळतात. ती पिऊन लोक शेतात जातात, भात लावतात. व्यसन हा शब्द आम्ही मोहाच्या दारूला लावू, गोळ्यांना लावू, बाटलीतल्या खोकल्याच्या औषधाला लावू. ताडीला कोणी लावत नाही. मीही लावला नव्हता.

लाहूच्या ओटीवर ताडी दोन भांड्यांत असायची. एक घरचं मडकं, तोंडावर कापड बांधलेलं. दुसरा दुकानाचा प्लास्टिकचा कॅन. तलासरीच्या अंगाला, हायवेजवळ एका शेठचं ताडीचं दुकान होतं. सीमेपलीकडे गुजरातमध्ये दारूबंदी, म्हणून तिकडची गिऱ्हाइकं दुपारपासून तिथं बसलेली असायची. पाहुण्याला लाहू मडक्यातली द्यायचा. कॅनला हात लावायचा नाही. "ती बाजाराची," म्हणायचा. दोन्हींत फरक काय, हे मी विचारलं नाही. सगळ्या तालुक्याला प्रश्न विचारत फिरते मी, आणि हा एक विचारला नाही.

तो कॅन मोटारसायकलवर बांधून दुकानात पोचवायचं काम उमेशचं. बारावीत इंग्रजीने दगा दिला. मग एक हंगाम खलाशी म्हणून गुजरातच्या बोटीवर गेला, समुद्र लागला, परत आला. वय बावीस. क्रिकेटमध्ये पाड्याचा विकेटकीपर. आईसारखाच बडबड्या. बापाला "ओ ताडवाले" म्हणून हाक मारणारा.

दोन वर्षांत तो सुकत गेला. आधी बोलणं कमी झालं. मग संघातून गेला, कारण हाताला चेंडू बसेना. सकाळी दुकानात पोचल्याशिवाय त्याचे हात थरथरायचे थांबत नव्हते. दुपारी तिथंच आडवा व्हायचा. मोबाइल विकला, आईचे पायातले तोडे गेले, ते कुठं गेले हे विचारल्यावर हसला. भिकीने मला बाजारात गाठलं आणि रडली नाही, शिव्या दिल्या. शेठला, पोराला, नवऱ्याला, मग मला. "तू आमची पुढारी ना? मंग कर काय ते!"

लाहूकडे गेले तर तो कोयत्याला धार लावत होता. म्हणाला, "बाय, ताडीने कोण मेलंय? माझा बाप पिऊन ऐंशी वर्षं जगला. पोरगा आळशी झालाय. आळसावर औषध नाय."

"हात का थरथरतात मग?"

"काम नाय केलं की थरथरतात."

मी रागाने उठून आले. बाईने सांगितलेलं ऐकायचं नसतं ही पद्धत झाडावर चढणाऱ्यांतही आहे.

त्याच सुमाराला, जानेवारीत, मुंबईच्या एका कॉलेजात शिकवणारी दक्षा आली. वर्षातून दोनदा विद्यार्थी घेऊन येते, आमच्याकडे राहते, भाकरी थापायला शिकते आणि विसरते. ती म्हणाली, "ताई, नशेवर एक सिनेमा आणलाय. स्पेनचा."

"स्पेनचा? आमच्या पोरांना मराठी कोणी दाखवत नाही आणि तू स्पेनचा दाखवतेस?"

"बघून तर घ्या."

तिच्या लॅपटॉपवर पहिली वीस मिनिटं बघितली आणि गप्प झाले. समुद्राकाठचं एक गाव. बंदरातलं काम संपलेलं, पोरं भिंतीवर बसून टाइमपास करतात. एका पोराची आई मासळीच्या कारखान्यात डबे भरते, तिच्या हाताला कायम वास. ते पोरगं मित्राच्या नादाने पावडर घ्यायला लागतं, आधी नाकाने, मग सुईने. रंग गोरा आणि भाषा वेगळी एवढं सोडलं तर मला त्यातला एकही माणूस परका वाटला नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी तीनला दाखवायचं ठरलं, बाजारामागच्या समाजमंदिरात. भाषा कोणाला कळणार नाही म्हणून दक्षा खालची इंग्रजी अक्षरं वाचून माझ्या कानात सांगणार आणि मी मोठ्याने आमच्या बोलीत सांगणार. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. प्रोजेक्टर आधी पेटेना, मग पेटला तर उलटं चित्र. साडेतीन वाजून गेले. ऐंशी-नव्वद माणसं झाली होती. लाहू आणि भिकी भाजी विकून आले आणि पुढे बसले. उमेश आत आला नाही, पायऱ्यांवर बसून राहिला.

आमची माणसं सिनेमा गप्प बसून बघत नाहीत. पोरगा आईच्या पाकिटातून पैसे काढतो तर मागून आवाज, "अगो, हा तर आपल्याच पाड्याचा!" आई त्याच्या तोंडात मारते तर बायांनी टाळ्या वाजवल्या. सुई टोचताना एक म्हातारी ओरडली, "डॉक्टर कठं हाय? डॉक्टर नसताना सुई घेतं?" मी पण रंगात आले. दक्षा एक वाक्य सांगायची, मी चार सांगायची.

मग तो प्रसंग आला. आई पोराला खोलीत कोंडते. बाहेरून कुलूप. तो दारावर डोकं आपटतो, भीक मागतो, शिव्या देतो. आई दाराला पाठ लावून जमिनीवर बसून राहते. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी आतला आवाज थांबतो, आई दार उघडते, पोरगा उन्हाच्या पट्ट्यात शांत झोपलेला. 

तेवढ्यात बाहेर हॉर्न. काकड्या, आमच्या बाजूची शेवटची जीप चालवणारा. त्याने दारातून डोकं घातलं. "ओ पुढारीणबाई, सव्वापाच झाले! माझी गाडी जाते. मंग चालत न्या तुमच्या पब्लिकला!"

माणसं उठायला लागली. सिनेमा अजून अर्धा तास होता. दक्षा म्हणाली, "ताई, थांबवू नका, शेवट महत्त्वाचा आहे." पण जीप चुकली तर बाया घरी कशा जाणार? मी प्रोजेक्टर बंद करायला सांगितलं आणि दारात उभी राहून दोन मिनिटांत भाषण ठोकलं. आई कडक झाली म्हणून पोरगा वाचला, आपण कधी कडक होणार, असं काहीतरी. पुढं काय होतं ते मला माहीत होतं. दोन दिवसांपूर्वी मी शेवटापर्यंत बघितलं होतं. पण ऐंशी माणसं उठलेली, काकड्या हॉर्न वाजवतोय, आणि माझं भाषण चांगलं जमत होतं.

लाहू निघताना माझ्याजवळ थांबला. "पटलं, बाय," एवढंच म्हणाला. मला बरं वाटलं. ते मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उमेशला खळ्यावरच्या झोपडीत बोलावलं, भाताची पोती हलवायची आहेत म्हणून, आणि बाहेरून साखळी घालून कुलूप लावलं. झोपडी कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, शेणाने सारवलेली, एक हातभर खिडकी. आत घोंगडी, पाणी, आणि घरचं मडकं. सिनेमातल्या आईकडे नसलेली गोष्ट आपल्याकडे आहे, असा त्याचा हिशेब. गोऱ्यांची पावडर असेल वाईट, आपल्या पोराला लागली ती बाजारची ताडी. ती बंद करायची आणि झाडाची स्वच्छ ताडी पाजायची, म्हणजे अंग आपोआप मूळ चवीवर येईल. आजारी माणसाला घरचं अन्न द्यावं तसं. पाड्यातल्या चार म्हाताऱ्यांनी मान डोलवली. लाहू झाडावरून उतरला की पहिलं मडकं खिडकीतून आत द्यायचा.

पहिला दिवस शिव्यांचा. दुसऱ्या दिवशी उमेश बोलायला लागला, पण कोणाशी ते कळेना. कुडातून मुंग्या येतात म्हणाला. बोटीवरचा मुख्य, तांडेल, कोपऱ्यात उभा आहे म्हणाला. भिकी खिडकीशी गेली तर तिला त्याने ओळखलं नाही. ती लाहूला म्हणाली, "सोड त्याला."

"सिनेमातली आई सोडत होती का? तिसरा दिवस आला की शांत होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला झोपडी खरंच शांत झाली. लाहू सातव्या झाडावर होता. भिकीने खिडकीतून बघितलं. उमेश जमिनीवर पडून झटके देत होता, दात बसलेले, तोंडातून फेस. साखळीची चावी लाहूच्या करगोट्याला, म्हणजे ताडाच्या शेंड्यावर. भिकीने हाक मारली नाही. तिने घरातला दुसरा कोयता घेतला, कूड फाडला आणि पोराला पाय धरून बाहेर ओढला. लाहू खाली आला तेव्हा ती पोराला पाठीवर घेऊन रस्त्याला लागली होती. बुटकी बाई, पोराचे पाय मागे जमिनीवर घासत होते.

काकड्याची जीप भरलेली होती. तो खाली उतरला, एकवार बघितलं आणि मागे वळून ओरडला, "उतरा सगळे! उतरा म्हणतो ना, तुमचं लगीन नाय राहिलं!" रिकामी जीप त्याने कासाला आणली आणि वाटेतून मला फोन केला.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा उमेशला दुसरा झटका येऊन गेला होता. डॉक्टर सरिता नावाच्या, तरुण, कपाळावर घाम. मला बघून म्हणाल्या, "तुम्ही ओळखता ना यांना? विचारा जरा. शेतातलं औषध प्यायला का? फिट्सचा आजार होता का आधी? काय घेत होता? प्रत्येक गोष्टीचा उपचार वेगळा आहे. चुकीचं दिलं तर श्वास बंद पडेल. मला नक्की कळलं पाहिजे."

भिकी म्हणाली, "ताडी पितो."

"किती?"

"सगळेच पितात."

"नुसत्या ताडीने इतकं होत नाही, मावशी. आणखी काहीतरी आहे."

लाहू भिंतीला टेकून उभा होता. कमरेला कोयता तसाच, तुऱ्याचा चीक हातावर वाळलेला. म्हणाला, "माझ्या झाडाची ताडी हाय. त्यात काय नाय. तीन दिवस माझ्या हातची प्यायलाय. पाहिजे तर मी पिऊन दाखवतो."

"त्याआधी? दुकानात?"

"मना काय माहीत दुकानातलं."

डॉक्टर आत गेल्या. मी लाहूचा दंड धरून त्याला बाहेर व्हरांड्यात आणलं. तिथं बाकावर एक बाई पोराला भात भरवत होती, ती आमच्याकडे बघून बाजूला सरकली. मी हळू बोलणारी बाई नाही, पण तेव्हा हळू बोलले. "दादा, तुला काय माहीत असेल तर आत्ता बोल."

 त्याने समोरच्या रुग्णवाहिकेकडे बघितलं. मग विचारलं, "बाय, त्या सिनेमातल्या पोराचं पुढं काय झालं?"

 खोटं बोलता आलं असतं. तालुक्यात अधिकाऱ्यांशी मी तसं रोज बोलते.

"मेला," मी म्हटलं. "दार उघडल्यावर दोन दिवस बरा होता. मग बाहेर पडला आणि जुन्याच मापाने पावडर घेतली. अंगाची सवय गेली होती, ते झेपलं नाही. स्टेशनच्या संडासात मेलेला सापडला. आईला शेवटपर्यंत वाटत होतं, तो सुटला."

"तू तर म्हणालीस, आई कडक झाली म्हणून वाचला."

"मी अर्ध्यावर बंद केलं. जीप होती. माझी चूक झाली, दादा."

मला वाटलं तो माझ्या अंगावर येईल. आला असता तर मी सहन केलं असतं. तो खाली बसला, उकिडवा, आणि जमिनीकडे बघून बोलायला लागला.

दोन वर्षांपूर्वी शेठने त्याला एक पुडी दिली होती. ताडी रस्त्यात आंबते, गिऱ्हाइकांना चढत नाही, म्हणून कॅनमध्ये चिमूटभर टाकायची. नाही टाकली तर कॅन परत. आसपासच्या सगळ्या चढणाऱ्यांना दिली होती. लाहूने पहिल्या दिवशी बोटाला लावून चाटली, जीभ पोळली. म्हणून घरचं मडकं वेगळं ठेवलं आणि त्या पुडीला घरात जागा दिली नाही, ओटीच्या वाशात खोचली. कॅनमध्ये पावडर टाकून ढवळायचा तो स्वतः. बांधायचा उमेश. रस्त्यात झाकण उघडून घोट घ्यायचा तोही उमेश. नंतर चिमटीची मूठ झाली.

"मी मडकं सांभाळलं, बाय," तो म्हणाला. "मना वाटलं, घर सांभाळलं."

आणि शेठ? शेठचं नाव डॉक्टरांच्या कागदावर गेलं की पोलीस येणार, पोलीस आले की पहिली बेडी ढवळणाऱ्याला, हे त्याला कळत होतं. अकरा झाडांचं एकच गिऱ्हाईक होतं. बाकीचे चढणारे त्याच्या दारात उभे राहणार होते. हे सगळं तो मला सांगत होता, पण बसल्या जागेवरून उठतही होता. शेवटचं वाक्य त्याने दारात म्हटलं आणि थेट आत गेला.

"मॅडम, मी पावडर टाकायचो. पांढरी, खड्यांसारखी. जीभ पोळते. वास सडक्या फळासारखा येतो. दोन वर्षं रोज."

डॉक्टर सरितांनी मान वर केली. नर्सला दोन इंजेक्शनांची नावं सांगितली. मग लाहूला विचारलं, "तीन दिवसांपूर्वी एकदम बंद केलं?"

"एकदम."

"हे गुंगीचं औषध आहे, ते एकदम बंद करायचं नसतं. हळूहळू उतरवायचं असतं. एकदम तोडलं की अंग असं आपटतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत."

काकड्या परत गेला आणि वाशातली पुडी घेऊन आला. वाटेत स्वतःच्या गाडीत ती उघडून बघितली नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं.

उमेश नऊ दिवस दवाखान्यात होता. चौथ्या दिवशी त्याने आईला ओळखलं आणि पहिलं वाक्य म्हणाला, "झोपडीचा कूड कोणी फाडला?" भिकी म्हणाली, "तुझ्या सासूने!" आणि बाहेर जाऊन रडली. मी तिला रडताना तेव्हाच बघितलं.

पुढचं सरळ नव्हतं. मी अर्ज लिहिला, लाहूने अंगठा दिला. त्याला सही येते, पण अंगठाच देतो म्हणाला, सही बदलता येते. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावून घेतलं, दोन्ही वेळा मी सोबत. दुकान पंधरा दिवस बंद राहिलं आणि दुसऱ्याच्या नावाने परत उघडलं. चढणारे लाहूच्या दारात आले, तसंच होणार होतं. शुक्रा नावाच्या त्याच्या चुलतभावाने ओटीवर उभं राहून विचारलं, "तुझा पोरगा आजारी पडला म्हणून आमची चूल विझवतोस?"

लाहू म्हणाला, "तुझ्या पोराचे हात बघ सकाळी उठल्यावर. मंग ये भांडायला."

शुक्रा गेला. आठवड्याने आपल्या पोराला घेऊन त्याच दवाखान्याच्या रांगेत उभा दिसला. लाहूकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या लावून दिल्या होत्या, दर आठवड्याला थोड्या कमी, आणि ठेवायच्या बापाकडे. अर्धी म्हणजे अर्धी, पाव म्हणजे पाव. छिलायचं माप ज्याच्या बोटांत आहे त्याला हे शिकवावं लागलं नाही. पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं: या पोराने आता ताडी कधीच प्यायची नाही. मडक्यातलीही नाही. हे लाहूला सगळ्यात जड गेलं. पावडर वाईट हे त्याला आधीच माहीत होतं. आपली ताडीही पोराला चालत नाही, हे त्याने तीन वेळा विचारून घेतलं. मग घरी जाऊन अकराही मडकी उतरवली आणि तुरे तसेच सोडून दिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो एका हंगामात ताडीसाठी झाडावर चढला नाही. सकाळी उठून अंगणात उभा राहायचा आणि काय करायचं ते कळत नसल्यासारखा परत आत जायचा. भिकी म्हणायची, "बस आता माझ्याजवळ. चाळीस वर्षांत बसला नाहीस." तो बसायचा, आणि दहा मिनिटांनी उठायचा.

मार्चमध्ये उमेश एकदा नाहीसा झाला. दोन दिवस. सीमेकडे दिसला असं कोणीतरी सांगितलं. शुक्रा स्वतः म्हणाला, चल, चौघं जाऊन बांधून आणू. लाहू नाही म्हणाला. काकड्याच्या जीपमधून एकटा गेला, पत्ता काढत दुकानापर्यंत पोचला आणि बाहेर दगडावर बसून राहिला. आत गेला नाही, हाक मारली नाही. दुपारी उमेश बाहेर आला, बापाला बघून म्हणाला, "ओ ताडवाले, इथं काय?"

"काय नाय. गोळीची वेळ झालीय."

गोळी त्याच्या खिशात कागदात होती. पण उमेशच्या तोंडाला वास होता. त्या वासावर गोळी द्यायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा गोळी खिशातच राहिली आणि दोघं आधी कासाला दवाखान्यात गेले. डॉक्टर सरितांनी शिव्या दिल्या नाहीत, गोळ्यांचा तक्ता दोन आठवडे मागे नेला. हे मला लाहूने सांगितलं नाही, काकड्याने सांगितलं. लाहू अशा गोष्टी सांगत नाही.

न छिललेल्या झाडांपैकी मादी झाडांवर मे महिन्यात ताडगोळे आले. सहा झाडांवर घडच्या घड. तुरा कापला की फळ धरत नाही, म्हणून लाहूच्या अंगणात आजवर एकही ताडगोळा कधी पडला नव्हता. दुसऱ्याच्या झाडाचे विकत घेऊन खायचे ते लोक. आता घड उतरवायला कोणीतरी वर गेलं पाहिजे. लाहू चढला, आणि उमेश खाली दोर धरून उभा राहिला.

परवा मी चारोटीच्या नाक्याजवळून जात होते तर बांबूच्या मांडवाखाली तिघं बसलेले. लाहूला ताडगोळा सोलता येत नाही. कोयता इतका धारदार की आतला मऊ गर कापून पाणी सांडतं, आणि भिकी दरवेळी ओरडते, "फोडलास परत! झाड छिलतोस का?" उमेश सोलतो. हात अजून थोडे थरथरतात, म्हणून तो कोपर गुडघ्यावर टेकवून सोलतो. मी एक डझन घेतले. त्याने तेरा दिले. मी एक परत केला, उपकार नको म्हटलं. तो म्हणाला, "तो फुटका हाय, बाय. बाबाने सोललेला."

तेवढ्यात मोठी गाडी थांबली, गुजरातची नंबर प्लेट. काच खाली झाली. आतला माणूस गॉगल न काढता म्हणाला, "ए भाई, ताडी है क्या? अच्छीवाली? असली?"

लाहूने उमेशकडे बघितलं. भिकीने ताडगोळ्यांवरच्या पाल्याकडे बघायला सुरुवात केली. मीही गप्प बसले, आणि माझ्यासाठी ते सोपं काम नाही.

उमेशने सोलत असलेला गोळा पूर्ण सोलला, पानावर ठेवला, हात लुंगीला पुसले.

"नहीं है," तो म्हणाला. "ताडगोला है. लेना है तो गाडी साइड में लगाव, पीछे ट्रक आ रहा है."

काच वर गेली, गाडी गेली.

"गेलं की गिऱ्हाईक!" भिकी म्हणाली.

"जाऊ दे," उमेश म्हणाला आणि पुढचा गोळा घेतला. लाहूने घडातून आणखी एक तोडून त्याच्यासमोर ठेवला.